थर्ड हॉर्नचा मध्यम

ऑर्केस्ट्रासाठी एक रचना लिहायला मला वर्षाचा बराचसा भाग लागतो आणि तालमीत तिच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. बाकीचा वेळ, ज्या जुन्या सिंफनीवर तिकिटं खपतात, तिचा. त्या तासभरात रचनाकाराने स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली प्रत, घेऊन मागे बसायचं. वादकांशी थेट बोलायचं नाही, जे काही सांगायचं ते कंडक्टरमार्फत. वादकांपुढे अख्खा स्कोअर नसतोच, ज्याच्या त्याच्यापुढे फक्त आपापला पार्ट, म्हणजे आपल्या वाद्यापुरते स्वर. त्यामुळे आपला सूर कशासाठी आहे, हे वाजवणाऱ्याला अनेकदा माहीतच नसतं.

माझ्या रचनेच्या मध्यावर डबल बेस खर्जातला एफ हा स्वर धरून राहतात, 43.65 हर्ट्झ. तोच इथला षड्ज. त्याच्या पोटातले स्वयंभू स्वर (मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत आपोआप उमटणारे) मी एकेक करून वरच्या वाद्यांना वाटून दिले आहेत. चेलोंकडे पाचवा, म्हणजे गंधार. पियानोवरच्या गंधारापेक्षा 14 सेंट उतरलेला (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). व्हायोलांकडे सातवा, पियानोच्या कोमल निषादापेक्षा 31 सेंट खाली. आणि सगळ्यांच्या वर, एकट्या थर्ड हॉर्नकडे (फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्यांतला तिसरा), अकरावा. तो येतो 480 हर्ट्झवर. शुद्ध मध्यम 466, तीव्र मध्यम 494. हा जवळपास मधोमध. पियानोवर हा स्वरच नाही. एफ हॉर्नमध्ये, ज्याच्या नळीचा मूळ स्वरच एफ, मात्र तो मुळातच असतो: एकही कळ न दाबता नीट फुंकलं की नळीच तो देते.

ही वाट नवी नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1943च्या ‘सेरेनेड’चा आरंभ आणि शेवट एकट्या हॉर्नच्या अशाच नैसर्गिक स्वरांवर केला. फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझेचं 1975चं ‘पार्सिएल’ ट्रॉम्बोनच्या खर्जातल्या एका ई-च्या पृथक्करणातून उभं राहिलं. तरी हॉर्नवादकाची तालीम आजही नेमकी उलट दिशेने होते. 1818मध्ये कळांचं पेटंट निघालं. त्याआधीचे वादक वाद्याच्या कर्ण्यात हात सरकवून हा स्वर ‘सुधारून’ घेत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हा स्वर टाळायलाच शिकवलं गेलं आहे, आणि मी पार्टमध्ये त्या स्वरावर खाली वळलेला बाण, म्हणजे ‘किंचित उतरलेला’, काढून तोच मागत होते.

तालमीत थर्ड हॉर्नच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी होती, अजून प्रोबेशनवर. तिने तो स्वर वाजवला. डाव्या हाताची बोटं कळांवरून अलगद उचललेली, आणि सूर कुठेही न चाचपडता थेट जागेवर. बेस, चेलो, व्हायोला आणि हॉर्न मिळून एकच आवाज झाला. कुठलं वाद्य कुठे संपतं ते कळेना. इतक्या वर्षांत स्वतःचं लिहिलेलं इतकं जसंच्या तसं क्वचितच माझ्या कानावर आलं आहे.

कंडक्टरनी हात खाली घेतला. “थर्ड हॉर्न, सूर उतरलाय.”

“तसंच लिहिलंय, सर. बाण खाली आहे.”

त्यांनी स्कोअर पाहिला, “बरोबर आहे, माफ करा,” म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. माणूस कानाचा पक्का आणि मनाचा सरळ. पण तोवर चार माना मागे वळल्या होत्या, फर्स्ट हॉर्नचीसुद्धा. सगळ्या ऑर्केस्ट्रासमोर ‘उतरलाय’ हा शब्द एकदा पडला की माफीने तो पुसला जात नाही. ती जागा पुन्हा एकदा वाजवून घ्यायला हवी होती; घड्याळाने ते होऊ दिलं नाही.

कार्यक्रमात तिने कळ दाबली. 494. स्वच्छ, गोल, निर्दोष तीव्र मध्यम. तो बाकीच्या स्वरांत मिसळला नाही, वेगळा उभा राहिला. टाळ्या चांगल्या पडल्या आणि काही जणांनी येऊन नेमकं त्याच जागेचं कौतुक केलं. मी आभार मानले. दुसरं काय करणार?

नंतर ती स्वतःहून माझ्याकडे आली. “रेकॉर्डिंग चालू होतं, मॅडम. मला कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे, तेच ते ऐकणार. तुमचा बाण ऐकू येत नाही.”

मला राग आला होता, तो तिथेच ओसरला. चिडायचं तर व्यवस्थेवर. आयोजकांना हवा असतो ‘प्रथम प्रयोग’; दुसऱ्या प्रयोगासाठी ना पैसा निघतो, ना उत्साह. म्हणजे पुढची कित्येक वर्षं ते रेकॉर्डिंग हीच माझी रचना. उद्या कुणी ती बसवायला घेतली, तर आधी तेच ऐकणार आणि थर्ड हॉर्नला तीव्र मध्यमच सांगणार.

थर्ड हॉर्नच्या पार्टमध्ये आता त्या जागेवर बेस आणि व्हायोलांचे स्वर बारीक अक्षरात घातले आहेत, म्हणजे आपण कशावर उभे आहोत हे वादकाला दिसेल. एक अनुभवी हॉर्नवादक म्हणाले, ती जागा फर्स्ट आणि थर्ड दोघांना द्या, म्हणजे कुणी एकटं पडणार नाही. सल्ला माणुसकीचा आहे. पण दोन हॉर्नच्या नळ्या अगदी सारखी श्रुती देत नाहीत, तो बारीकसा फरक आवाजात थरथरतो, आणि मला तिथे एकाच माणसाचा श्वास हवा आहे. तो बदल अजून मी केलेला नाही.