तीन तासांचं विमान, साडेएकवीस तासांचा प्रवास

तिकिटावर होतं: मुंबईहून सुटणार ४.२०, दुबईला पोचणार ६.००. आई म्हणाली, "पावणेदोन तास? एवढ्यात तर आपण चिपळूणलाही पोचत नाही." मलाही आधी तसंच वाटलं. शारजाला राहणाऱ्या ताईने फोनवर हिशेब सांगितला. "अरे, इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा दीड तास मागे. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात." म्हणजे खरे तीन तास दहा मिनिटं. मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९०० किलोमीटर.

दुसरी चूक मात्र महागात पडली असती. विमान १२ तारखेचं, म्हणून गाडीवाल्याला मी १२ ला सकाळी यायला सांगून बसलो होतो. पहाटे ४.२० चं विमान म्हणजे ११ च्या रात्रीच विमानतळावर हजर! नशीब, चार दिवस आधी लक्षात आलं.

सामान भरताना ताईचा निरोप आला, अनारसे आणू नका. तिकडे खसखशीला बंदी आहे, अनारशांवर चिकटलेलीसुद्धा चालत नाही. आईने तोंड वाकडं करून डबा शेजारी दिला आणि कोकम, कुळथाचं पीठ भरलं.

११ ला दुपारी बारा वाजता रत्नागिरी सोडली. महामार्गाच्या कामांमधून वाट काढत रात्री साडेदहाला सहारला, टर्मिनल दोनवर. बॅगा दिल्या, इमिग्रेशनचा शिक्का घेतला, सुरक्षा तपासणीत आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली गेली. मग नुसतं बसून राहायचं. आई खुर्चीत गाढ झोपली, मी गेट बदलतंय का ते बघत जागा.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. बराच वेळ खाली नुसता अरबी समुद्र, मग मस्कत दिसलं आणि पाठोपाठ उतरायची घोषणा. आईने मनगटावरचं घड्याळ काही मागे केलं नाही. "माझी बीपीची गोळी आपल्या वेळेवर चालते."

ताईच्या दारात पोचलो तेव्हा तिथे आठ वाजले होते, आईच्या घड्याळात साडेनऊ. घरापासून साडेएकवीस तास.

परतीचं तिकीट रात्री ९.४० चं, मुंबईत पहाटे २.००. आता आईनेच बोटांवर मोजलं: चार तास वीस, वजा दीड, दोन तास पन्नास. "येताना वीस मिनिटं कमी कशी?" हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतात, ते पाठीशी असतात, असं मी सांगितलं. तिला पटलं.

वाचलेली वीस मिनिटं माणगावात गेली. एकाच जागी, इंजिन बंद करून, दोन तास.