दालेतचा कोपरा

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका गल्लीत आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, भजनी मंडळांच्या पावत्या आणि मानपत्रे हे आमचे पोटापाण्याचे काम. त्यांतल्या मानपत्रांचा मजकूर बहुधा मीच लिहून देतो, कारण मानपत्र देणाऱ्या मंडळींना कागद कोणता, चौकट कोणती आणि सोनेरी वेलबुट्टी किती हे नेमके ठाऊक असते, पण ज्याला ते द्यायचे त्याने केले काय, असे विचारले की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. अशा वेळी माझ्याकडचा तयार मजकूर कामी येतो. ‘आपल्या निःस्वार्थ, निरलस आणि निष्काम सेवेने समाजापुढे आदर्श निर्माण केला’ या वाक्यात नाव बदलले की झाले. 2018 साली बडोद्यात 91 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या दिवसांत तर हे वाक्य मी इतक्या नावांना जोडले की एकदा दोन सत्कारमूर्तींनी व्यासपीठावरच आपापली मानपत्रे ताडून पाहिली होती.

2025 च्या मार्च महिन्यात बाई छापखान्यात आल्या. शाळेत सातवी-आठवीला त्यांनी आम्हांला मराठी शिकवले. आडनाव अलिबागकडच्या गावावरून आलेले आणि बोलणे स्वच्छ मराठी, त्यामुळे त्या कोकणातल्या एवढेच आम्हां मुलांना माहीत होते; त्या बेने इस्राएल, म्हणजे ज्यू आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. रविवारी, 9 मार्चला, बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या एका घरी मलिदा, म्हणजे प्रार्थना करून गोड पोहे वाटून खाण्याचा विधी, होता आणि त्या वेळी आपल्यातल्या चौघांना मानपत्रे द्यायची होती. माथ्यावर हिब्रूतली एक ओळ आणि खाली मराठी मजकूर, एवढीच त्यांची मागणी.

गुजरातेत ज्यूंचे प्रार्थनालय एकच, अहमदाबादच्या खमासा भागातले ‘मागेन अब्राहम’. ते 1934 साली बांधले. बडोद्यात सिनेगॉग नाही. त्यामुळे इथल्या कुटुंबांपैकी ज्यांना तिथल्या कामाला हातभार लावायचा, त्यांना शंभर किलोमीटरहून अधिक अंतर जाऊन-येऊन तो लावावा लागतो, आणि हे चौघे वर्षानुवर्षे ते करत आले होते. बोलता बोलता बाईंच्या तोंडून सिनेगॉगला ‘मशीद’ असा शब्द आला आणि त्या स्वतःच हसल्या. हा त्यांच्या आजीचा शब्द. मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनालय 1796 साली उभे राहिले. त्यालाही जुनी माणसे मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे त्यांच्यात सांगतात.

शुक्रवारी, 7 तारखेला, दुपारी चारच्या सुमारास बाई प्रुफे पाहायला आल्या. मी मोठ्या विश्वासाने चारही मानपत्रे जाड आर्ट कार्डावर छापूनच ठेवली होती आणि त्यापूर्वीच्या तीन चाचणी प्रतीही शेजारी पडल्या होत्या. बाईंनी पर्समधून लाल पेन काढले. त्या पेनाकडे पाहून माझ्या पोटात जे झाले, ते आठवीनंतर पहिल्यांदाच झाले.

“हे कोणाचं?” त्यांनी विचारले.

“रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांचं.”

“नावावर बोट ठेव आणि वाच. आता सांग, कोणाचं?”

मी वाचले. ते कोणाचेही होते. बाईंनी ‘निःस्वार्थ’वर रेघ मारली, ‘निरलस’वर मारली, आणि तिसऱ्या विशेषणाशी पोचल्यावर पेनाला टोपण लावून म्हणाल्या, “तुला निबंधातही हीच खोड होती. ते काय करतात, ते लिही.”

मग त्या सांगू लागल्या आणि मी पाठकोऱ्या कागदावर टिपून घेऊ लागलो. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेतल्या कित्येक गोष्टी दहा प्रौढ पुरुष जमल्याखेरीज होत नाहीत. या दहांच्या जमावाला मिनयान म्हणतात आणि तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा त्यात धरला जातो. जिथे वस्तीच थोडी, तिथे दहावा माणूस मिळवणे हेच काम होऊन बसते. काका गुरुवारी रात्री फोन करतात, शुक्रवारी दुपारच्या गाडीने जातात, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, संपेपर्यंत वाहनात बसायचे नाही म्हणून तिथेच मुक्काम करतात, आणि संध्याकाळी दारात उभे राहून आलेली माणसे मोजतात. मोजतात, पण एक-दोन-तीन असे नव्हे. माणसांवर आकडे घालायचे नाहीत, असा त्यांचा रिवाज आहे. म्हणून हिब्रू बायबलातल्या 28 व्या स्तोत्रातली नववी ओळ म्हणायची. तिच्यात बरोबर दहा शब्द आहेत. प्रत्येक माणसामागे एक शब्द, आणि ओळ पुरी झाली की मिनयान पुरा. माझे आजोबा खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, ते मला आठवले. मी तसे बोललो, तेव्हा बाईंनी मान डोलावली आणि मुद्द्यावर यायला सांगितले.

दुसरे मानपत्र एका वहिनींचे. शुक्रवारच्या रात्री द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणायचा असतो आणि धर्मनियमात बसणारी वाइन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून बेने इस्राएल काळ्या मनुकांचे सरबत करतात. वहिनी मनुका रात्रभर भिजत घालतात, सकाळी हाताने कुस्करून पंचातून गाळतात, आणि त्या बाटल्या काकांच्या पिशवीतून गाडीने जातात. तिसरे मानपत्र मुलांना हिब्रू शिकवणाऱ्या एका गृहस्थांचे. त्याविषयी फारसे अडले नाही.

चौथ्या बाई काय करतात, असे मी विचारले, तेव्हा बाई म्हणाल्या, “ते लिहायचं नाही.”

समाजात एखादी स्त्री वारली की तिला स्नान घालणे आणि पांढरी, खिसे नसलेली वस्त्रे नेसवणे हे काम स्त्रियाच करतात. त्याला तहारा म्हणतात. हे काम करणाऱ्यांच्या गटाला हेव्रा कादिशा, म्हणजे पवित्र मंडळी असे नाव आहे, आणि या सेवेला ‘हेसेद शेल एमेत’, खरी दया, असे म्हटले जाते, कारण तिची परतफेड करायला ती व्यक्ती उरलेली नसते. बाई म्हणाल्या की अशा कामाचा गाजावाजा करायचा नसतो. समोर बसलेल्यांत कोणाची आई असेल, कोणाची बहीण असेल, त्यांच्यापुढे ते कागदावर कशाला मांडायचे? मात्र या रविवारचा दिवस त्यांनी याच बाईंसाठी धरला होता. ज्यू पंचांगाप्रमाणे त्या शुक्रवारी अदार महिन्याची सात तारीख होती. परंपरेनुसार तो ज्यूंचा थोर संदेष्टा मोशे याचा मृत्युदिन. त्याला स्वतः परमेश्वराने पुरले आणि त्याची कबर कोणालाच ठाऊक नाही, म्हणून हेव्रा कादिशाची माणसे तो दिवस आपला मानतात. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी उपास करतात आणि मग एकत्र जेवतात.

मराठीचे एवढे पानिपत झाल्यावर बाईंनी चष्मा बदलला आणि माथ्यावरची ओळ पाहिली. ती शेमा या ज्यूंच्या मुख्य प्रार्थनेची ओळ होती, “हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे” या अर्थाची. बेने इस्राएलांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा ग्रंथ बुडाले आणि हिब्रू विसरली गेली, पण ही ओळ तेवढी तोंडात राहिली, असे ते सांगतात. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पेनाचे टोक शेवटच्या अक्षरावर टेकवले.

“हे कोणतं अक्षर?”

मला काय कळणार! हिब्रूत दालेत आणि रेश ही दोन अक्षरे अशी आहेत की आपले घ आणि ध परवडले. दोन्हींना वर एक आडवी रेघ आणि उजवीकडे एक उभी. दालेतला त्या सांध्यावर बारीकसा कोपरा बाहेर आलेला असतो आणि रेशला तिथे गोलाई असते. फरक तेवढाच. ‘एहाद’ म्हणजे एक, त्याच्या शेवटी दालेत. तिथे रेश आला की तो शब्द ‘अहेर’, म्हणजे दुसरा, असा वाचला जातो. ही चूक कोणाकडून होऊ नये, म्हणून तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत या ओळीतला दालेत मुद्दाम मोठा काढतात, असे एक कारण सांगितले जाते. माझ्या डीटीपी करणाऱ्या मुलाने शोभेचा म्हणून एक वळणदार फॉन्ट निवडला होता आणि त्या फॉन्टने तो कोपरा गुळगुळीत करून टाकला होता. आमच्याकडे ‘ध’चा ‘मा’ झाला तेव्हा पेशवा गेला. इथे देवच दुसरा झाला होता.

“मानपत्रात आहेर दिलास की रे,” बाई म्हणाल्या. मला वाटले, यावर निभावले.

तेवढ्यात आमच्या मुलाने ती सातही कार्डे उचलून कोपऱ्यातल्या रद्दीच्या पोत्याकडे नेली. बाई खुर्चीवरून उठल्या आणि इतक्या मोठ्याने “थांब” म्हणाल्या की बाहेरचा चहावालाही थांबला. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीत देवाच्या नावाच्या जागी एक अक्षर आणि त्यावर टिंबासारखी खूण होती. ती खूण संगणकावर कशी काढायची हे न कळल्याने मुलाने इंटरनेटवरून ती ओळच्या ओळ उतरवून घेतली, आणि तीत देवाचे नाव पूर्ण होते. असे नाव असलेला कागद फाडायचा नाही, टाकायचा नाही. तो गेनिझात, म्हणजे जीर्ण कागद ठेवण्याच्या जागेत, ठेवायचा आणि पुढे दफनभूमीत पुरायचा. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमधल्या अशाच कोठडीत मध्ययुगातले कागद लाखोंनी सापडले, आणि त्यांत भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे आणि हिशेबही होते, हे बाईंनी मला ती कार्डे एकेक करून गोळा करता करता सांगितले. “चुकीचं छापलंय बाई,” मी म्हणालो. “नाव तर बरोबर आहे ना,” त्या म्हणाल्या.

साडेपाच झाले होते. त्या दिवशी सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळणार होता आणि त्यापूर्वी त्यांना घरी दिवे लावायचे होते. दुरुस्त ओळ तपासायला त्यांच्याशिवाय माणूस नव्हता, आणि शनिवारी त्या येणार नव्हत्या, फोनही उचलणार नव्हत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, “उद्या दिवसभर आमचं काम मशीनला लावू नकोस हं. आमच्या पणजोबांनी घाणा बंद ठेवला, तुझं मशीन कशाला चालवू?” कोकणात बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत.

शनिवारी मशीनवर लग्नपत्रिका चालल्या होत्या आणि मी गल्ल्यावर बसून चार मानपत्रे नव्याने लिहीत होतो. पहिली तीन दुपारच्या जेवणाआधी झाली. “दर शुक्रवारी दुपारच्या गाडीने जाऊन, दहावा माणूस येईपर्यंत हे दारात उभे राहतात.” एवढे लिहिल्यावर त्यात कुठले विशेषण घालावे असे मलाही वाटेना. चौथ्यापुढे मात्र मी बसून राहिलो. जे काम लिहायचे नाही ते लिहायचे कसे? सेवा, त्याग, समर्पण हे सारे शब्द हाताशी होते, आणि प्रत्येक शब्दावर मला लाल रेघ दिसत होती. संध्याकाळी सातच्या आसपास बायको फोनवर तिच्या माहेरच्या कोणाविषयी सांगत होती, “निरोप गेला तशी ती आली बघा.” मी ते वाक्य तसेच उचलले.

आकाशात तीन तारे दिसल्यावर शब्बाथ संपतो. आठच्या आधीच बाई भाच्याच्या स्कूटरवरून आल्या. आम्ही फॉन्ट साधा, जाड आणि कोनदार घेतला होता, आणि नावाच्या जागी खूण होती. बाईंनी पडद्यावर दालेतला इतके मोठे करायला लावले की तो कोपरा बोटभर दिसू लागला. मग त्यांनी मराठी वाचले. तीन मानपत्रांवर काही न बोलता त्या चौथ्यापाशी आल्या. “ज्या ज्या वेळी निरोप गेला, त्या त्या वेळी या आल्या.” त्याखाली नाव आणि तारीख. बाईंनी पेन काढले, एक अनुस्वार ठळक केला आणि ते परत ठेवले.

रविवारी मी अकोट्याला गेलो, ते खरे तर चौकटी पोचवायला. त्यांनी बसवून घेतले. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, वरून फळे आणि गुलाबाच्या पाकळ्या, हा मलिदा. संदेष्टा एलियाहू याच्या स्मरणाने आशीर्वाद म्हणून झाल्यावर सर्वांनी तो वाटून खाल्ला. शाल-श्रीफळ काही नव्हते. त्यांच्यात मोठा मान म्हणजे आणखी एक काम, असे शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला समजावले: सिम्हाथ तोराच्या सणाला एकाला तोराचा शेवटचा भाग वाचायला बोलावतात, दुसऱ्याला लगेच पहिला, दोघांना नवरदेव म्हणतात आणि बहुधा तेच सर्वांना खाऊ घालतात.

काकांचे मानपत्र वाचले तेव्हा हशा पिकला, कारण दारात कोणाकोणाला त्यांनी कसे ओढून आणले याच्या गोष्टी निघाल्या. चौथे वाचले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. खिडकीपाशी बसलेल्या एका प्रौढ मुलीने पदर डोळ्यांना लावला. ज्यांचे ते मानपत्र होते, त्या बाईंनी ते उलटसुलट पाहिले आणि मला म्हणाल्या, “अक्षर मोठं घेतलंत, बरं केलंत. चष्मा घरी राहिलाय.”

सोमवारी बाई पैसे द्यायला आल्या. मी बिलात ‘मानपत्रे, नग 4’ असे लिहिले होते. शुक्रवारची सात कार्डे त्यांनी पांढऱ्या कापडात बांधून केव्हाच नेली होती. बिल परत माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, “ती सातही आम्हीच नेली की. लिही.” चूक माझी होती, त्यांचे पैसे मी कसे घेणार, असे मी परोपरीने सांगितले. शेवटी लाल पेन पर्समधून निघाले, तेव्हा मी खाली दुसरी ओळ लिहिली: ‘चुकीच्या प्रती, नग 7’. बाईंनी ‘चुकीच्या’ या शब्दावर रेघ मारली आणि नोटा मोजल्या.