रंगाखालची जीप : सीजे-३बी पुन्हा मुळापासून

मागच्या दिवाळीत ही सीजे-३बी बघायला गेलो तेव्हा ती अंगणात नटूनथटून उभी होती. ताजा लष्करी हिरवा रंग, नवी ताडपत्री, ६.०० बाय १६ चे नवेकोरे टायर. कागदावर नोंद १९६८ ची, इंजिन मूळचं हरिकेन पेट्रोल. ‘फुल रिस्टोर केलेली आहे’ असं विकणारा सांगत होता, आणि वरून बघणाऱ्याला ते पटण्यासारखंच होतं.

कोल्हापूरला आणल्यावर आठवड्याभरात गगनबावड्याच्या रस्त्याला काढली. ताशी ४५ च्या आसपास एका खड्ड्यातून चाक गेलं आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. स्टिअरिंग हातात ठरेना. गाडी पूर्ण थांबवली तेव्हाच ती थरथर थांबली. बायको शेजारी बसली होती. परत येताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं की ही जीप शेवटच्या बोल्टापर्यंत खोलायची.

सुरुवात चुंबकाने केली. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली चुंबक धरतच नव्हतं. तासलं तर बोटभर पुट्टी, तिच्याखाली रिव्हेट मारून बसवलेला पातळ पत्रा आणि त्याच्याखाली मूळचा कुजलेला फ्लोअर. फ्लोअरखालच्या आडव्या पन्हाळ्यांत ओली माती तशीच साठलेली. हे सगळं कापून काढलं. १६ गेजच्या पत्र्याचा फ्लोअर आता तयार आहे, पण पत्राकामाबद्दल सध्या एवढंच, कारण खरं दुखणं त्याच्या खाली होतं.

शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्रीमामा जुन्या जीपवर हात बसलेले. टब, म्हणजे वरची पत्र्याची बॉडी, उचलल्यावर मी लगेच पाना हातात घेतला, तर त्यांनी थांबवलं. “आधी मापं घ्या. चेसिस वाकडी असली तर वरचं सगळं काम वाया जातंय.” ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजले. फरक ११ मिलिमीटर निघाला. सँड ब्लास्टिंग झाल्यावर कारणही दिसलं. पुढच्या उजव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) मागच्या हँगरपाशी, म्हणजे पाटा जिथे टांगलेला असतो तिथे, चेसिसला तडा होता आणि त्याच्यावर नुसता वेल्डिंगचा थर ओढून काळा रंग मारलेला.

तडा कुठे संपतो हे डोळ्याला दिसतं त्याच्या जरा पुढे असतं, म्हणून टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग खाच करून आतपर्यंत वेल्डिंग भरलं आणि वर चौकट शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी बसवली. सरळ उभी पट्टी लावली की वेल्डिंगची रेघ चेसिसला आडवी जाते आणि पुढचा तडा नेमका तिथेच पडतो. ओढून सरळ केल्यावर कर्णांतला फरक ३ मिलिमीटरवर आला. चेसिस नंबराच्या जागेला ग्राइंडर किंवा ब्लास्टिंगचा पाइप अजिबात लागू दिला नाही. तुम्हीही ती जागा आधीच झाकून घ्या.

आता थडथडीबद्दल. आधीच्या कारागिराने तिच्यावर दोन उपाय केलेले दिसले : स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू इतका आवळला होता की मधल्या भागात चाक अडकायचं, आणि वर थरथर दाबायला एक डँपर लावलेला. पण खेळ, म्हणजे ढिलेपणा, बॉक्समध्ये नव्हताच. स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या बेल क्रँकचा बुश झिजून पिन लंबगोल झाली होती. आणि दोन्ही बाजूंचे किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं त्या नकलच्या वर आणि खाली असतात ते टेपर रोलर, त्यांच्या कपांवर बोटाला लागतील असे खड्डे पडले होते. असं बेअरिंग सरळ जागेवर सैल असतं आणि चाक वळलं की घट्ट वाटतं. जॅकवर वळलेलं चाक हलवून बघणाऱ्याची फसगत इथेच होते.

चारही बेअरिंग नवी घातली. नकलची गोळ्यावरची मोठी ऑइल सील न लावता आणि टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा) मोकळा ठेवून शिमा, म्हणजे पातळ चकत्या, बसवल्या, कारण सीलचा घट्टपणा मध्ये आला की बेअरिंगचा खरा ताण कळत नाही. टाय रॉडच्या भोकात ताण मोजायचा काटा अडकवून नकल ओढत ओढत शिमा कमीजास्त केल्या, वर-खाली सारख्या ठेवून, म्हणजे अॅक्सल मधोमध राहतो. एका बाजूला सगळी दुपार गेली. घाई केली असती तर हेच काम परत करावं लागलं असतं. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल, ३ अंश मिळाला. त्यासाठी नवे पाटे आणि शॅकलचे बुशही लागले.

पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचं कोडं वेगळंच. गिअरबॉक्समधलं तेल कमी व्हायचं आणि ट्रान्स्फर केसमध्ये तेवढंच वाढायचं. दोन्हींमधल्या बेअरिंगमधून ते पलीकडे झिरपत होतं, आणि तिथे पातळी चढली की मागच्या सीलमधून बाहेर येऊन हँडब्रेकच्या ड्रमवर. या जीपचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे लायनिंग तेलात भिजलेलं. चढावर हँडब्रेक का धरत नाही याचं उत्तर गिअरबॉक्समध्ये सापडलं. आता मध्ये दुहेरी ओठाचं सील बसवलं आहे.

इंजिन सुदैवाने निरोगी निघालं. याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळेच ते उंच झालं आणि ३बीला ते उंच बॉनेट मिळालं, मला ते फार आवडतं. थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच अशी टॅपेटची फट लावली, बाकी हात लावला नाही.

गेल्या रविवारी चेसिस चार चाकांवर उतरवली. मामांनी मागून ढकललं, मी चाक धरलं. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे कुठेही न अडकता वळली आणि सोडल्यावर आपोआप सरळ झाली. मामा म्हणाले, “आता टब ठेवा.”

टब पुढच्या महिन्यात. त्याआधी हँडब्रेकचा ड्रम हवा आहे, माझ्याकडचा लेथवर घ्यायच्या पलीकडे झिजलाय. कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे चांगला जुना पडून असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.