आई मागं बसते तेव्हाचे शॉकअप

सोमवार ते शुक्रवार मी गाडीवर एकटा असतो. शनिवारी मागं आई असते. सातारा ते पाचवड हायवे, तिथून वाई, मग मेणवलीच्या पुढं तिचं माहेर. आई साडी नेसून एका बाजूला बसते. खड्डा दिसला की आपण पायांवर भार देऊन जरा उठतो, तिला ते करताच येत नाही. सगळा दणका थेट तिच्या कमरेत जातो. दोन वर्षांपूर्वी वाईच्या अलीकडं एका गतिरोधकावर मागचे शॉकअप खाडकन टेकले आणि तिनं माझा खांदा असा दाबला की मी गाडी बाजूलाच घेतली. ती काही बोलली नाही. मला मात्र रात्रभर तेच आठवत होतं.

दुकानात गेलो तर सल्ला एकच: "डबल सीट चालवता ना, मग कडक स्प्रिंगचेच घ्या." घेतले. शनिवार सुधारला आणि बाकीचे पाच दिवस बिघडले. एकट्यानं जाताना मागचं चाक खड्ड्यात उतरायचंच नाही, वरच्या वर उडायचं. ओल्या रस्त्यावर वळणात ते जाणवलं की पोटात गोळा यायचा.

मग टेप घेऊन मोजायला बसलो. गाडी दोघांनी उचलून मागचं चाक मोकळं सोडायचं, एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचं. मग आपण बसायचं, पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. तो चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश हवा. माझ्या गाडीचं चाक ९० मिलिमीटर हलतं, म्हणजे २३ ते ३० मिलिमीटर. भाऊ गाडी धरून, मी सीटवर, आई मागं, आणि वहिनी टेप घेऊन खाली वाकलेली. जुन्या शॉकअपवर मी एकटा असताना २८ भरले, आई बसल्यावर ४७. अर्धी हालचाल उभ्या उभ्याच संपलेली! कडक स्प्रिंगवर दोघं असताना २६, म्हणजे अगदी बरोबर. पण मी एकटा असताना फक्त १४. चाकाला खाली उतरायला जागाच उरली नव्हती.

माझं वजन दोन्ही चाकांत वाटलं जातं. मागं बसणारा मात्र जवळपास मागच्या एक्सलवरच बसतो. आईचे ५८ किलो जवळजवळ सगळे त्या दोन स्प्रिंगांवर येतात. म्हणून डबल सीट गाडी मागं बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि हँडल हलकं लागतं.

आकड्याच्या पान्यानं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते असं गॅरेजमध्येही सर्रास बोलतात. तसं होत नाही. साधी स्प्रिंग जेवढी कडक आहे तेवढीच राहते. प्रीलोडनं गाडी मागून फक्त वर उचलली जाते. जुन्या शॉकअपवर शेवटच्या खाचेपर्यंत फिरवूनही आई बसल्यावर ३७ भरले होते. मुळात स्प्रिंगच नरम होती.

शेवटी मधल्या ताकदीची स्प्रिंग घेतली. प्रीलोड हातानं फिरवता येईल अशी कॉलर आणि खाली रिबाउंडचे, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती हळू परतेल ते ठरवायचे, क्लिक असलेला जोड शोधला. हाताची अट माझ्यासाठी सगळ्यात मोठी होती. पाना शोधावा लागला तर घाईत कोण फिरवणार? बीएमडब्ल्यूनं २००४ साली के १२०० एसवर एकटा, सामानासह आणि डबल सीट अशा तिन्हींसाठी हँडलवर बटण दिलं होतं. माझ्या गाडीला तेच काम दोन मिनिटांत हातानं होतं, एवढं मला पुरे.

आता एकटा असताना २५ आणि प्रीलोड वाढवून आईसोबत ३०. रिबाउंड तिच्यासाठी दोन क्लिक जास्त देतो, कारण जास्त दबलेली स्प्रिंग परतताना जोरात उसळते आणि तो धक्का खड्ड्याइतकाच कमरेला लागतो. मागच्या टायरची हवाही मॅन्युअलमध्ये डबल सीटला सांगितली आहे तेवढी भरतो.

कॉलरवर वहिनीच्या नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्यात, एक माझी, एक आईची. शनिवारी पदर खोचून ती जिन्याखाली येते आणि बसायच्या आधी वाकून लाल खूण बघते. "फिरवलंस का रे?"