चामखिळीसकट

राम मारुती रोडमागच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे मोठ्या काकूचा फोटो मोठा करून घ्यायला गेले होते. भर दुपार, पोरगा पेंगुळलेला. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातातल्या माउसचा बाण काकूच्या हनुवटीवर.

"मॅडम, हा स्पॉट घालवू ना?"

"स्पॉट नाही रे, चामखीळ आहे ती. राहू दे."

त्याला काही पटलं नाही. शेजारच्या स्क्रीनवर एका 'भावी नगरसेवका'च्या वाढदिवसाचा बॅनर चालला होता आणि भावीसाहेब नुकतेच दोन शेड उजळले होते. ठाण्यात चौकाचौकांत लटकलेली ही गुळगुळीत मंडळी उद्या रस्त्यात समोर आली, तर ओळखायची कशी?

लहानपणी आम्हा पोरांना त्या चामखिळीचं भारी अप्रूप. तिच्यावर एकच राठ केस होता आणि काकू तापली की तो थरथरायचा. नौपाड्याच्या घरात ती आंबे चिरायला बसली की आम्ही भोवती कोंडाळं करायचो, ते निम्मं आंब्यासाठी, निम्मं त्या केसासाठी. "मला सगळी पोरं सारखीच हो," असं बजावत ती फोडी मोजून वाटायची. बाठा मात्र दरवेळी तिच्या धाकट्याच्या ताटलीत. आणि बाठ्याभोवती गर ठेवताना तिचा हात फारच सढळ.

इंग्रजीतलं ते 'वॉर्ट्स अँड ऑल', म्हणजे चामखिळीसकट सगळं, हे सतराव्या शतकातला इंग्लंडचा सेनानी आणि राज्यकर्ता ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या नावावर आहे. चित्रकार पीटर लेलीला त्याने म्हणे बजावलं, की पुटकुळ्या, चामखिळी, जे दिसतंय ते सगळं काढ, नाहीतर छदाम देणार नाही. मला हा गडी बरीच वर्षं आवडायचा. पण क्रॉमवेल गेला 1658 साली, आणि हा किस्सा होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने छापला त्यानंतर शंभरएक वर्षांनी. त्यात लेलीने ते चित्र बहुधा सॅम्युअल कूपरच्या छोट्या चित्रावरून केलं, असं जाणकार मानतात. म्हणजे चामखीळसुद्धा उसनी!

तेही सोडा. 1649 मध्ये याच क्रॉमवेलच्या फौजेने आयर्लंडमधल्या ड्रॉहेडा गावात हजारो माणसं कापली. ते कुठल्या चित्रात यायचं? चामखीळ दाखवायला काय जातं! मुलाखतीत नाही का सांगत, "माझा दोष एकच, मी फार परफेक्शनिस्ट आहे." असली कबुली ऐकली की मला हल्ली उगाच संशय येतो, हा लपवतोय काय?

काकूच्या तेराव्याला सगळे भरभरून बोलले. मायेचा सागर, अन्नपूर्णा, कुणी तर अजातशत्रूही म्हणून गेलं. तिच्या फटकळपणाचे किस्से निघाले, लोक डोळे पुसता पुसता हसले. आई भिंतीला टेकून ऐकत होती. एका स्वयंपाकघरात वावरून या दोघी जावा वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. "मीठ कुठे ठेवलंय विचार," असले निरोप आम्ही पोरं पोचवायचो. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजही कुणी काढत नाही.

कुणीतरी आईला म्हणालं, "तुम्हीही बोला ना दोन शब्द."

"तिच्यासारखा तोंडलीभात कुणाला जमायचा नाही," आई म्हणाली आणि पानं घ्यायला उठली.

ते मात्र खरं होतं.