बर्फात ठेवलेलं कासव

श्रावणातल्या एका पहाटे गोव्यातल्या मोरजीहून रापणकार काकांचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या काकांचा फोन आला. "बाय, कांसव आयलां. अजून घाण येना."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी धावले. किनाऱ्याला लागलेली मेलेली कासवं कशाने मेली ते मी उघडून पाहते. मेलेलं कासव आतून फार लवकर कुजतं, आणि कुजलं की ते कशाने मेलं हे सांगणं अवघड. गेल्या वर्षी मांद्र्याला मी पोचेपर्यंत खड्डा खणून बुजवलाही होता. कागदावर 'नैसर्गिक मृत्यू'. ते अजून मनाला लागून आहे.

काकांनी मासळीचा बर्फ कासवावर पसरून ठेवला होता. वनखात्याच्या माणसांनी पंचनामा केला. ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव. पाठीच्या वळणावरून टेप धरली: ६६ सेंटिमीटर. पुढच्या डाव्या पायावर घासल्याची बारीक रेघ, बाकी जखम नाही. पोटाकडचं कवच कडेकडेने कापत गेलं की झाकणासारखं उचलता येतं. आत चरबीचा चांगला जाड थर, अंडाशय, म्हणजे मादी. घसा उभा चिरला तर पोटाच्या दिशेने वळलेले पांढरे काटे, दाटीवाटीने. खाल्लेलं आतच राहावं म्हणून ते असतात. प्लॅस्टिक गिळलं तर तेही बाहेर टाकता येत नाही. जठरात मात्र प्लॅस्टिक नव्हतं, कुर्ल्यांच्या नांग्यांचे तुकडे होते, न पचलेले.

आजारी कासव असं नसतं. ते आधी खाणं सोडतं, सुकतं, अंगावर शिंपल्यांसारखे जीव चढतात, कधी एका अंगावर कलून तरंगतं. ही तर जेवून उठलेली होती. श्वासनळीत फेस. नुसत्या फेसाने काही ठरत नाही, कारण कुजण्यानेही तो येऊ शकतो. पण ताजं शरीर, भरलेलं पोट आणि ती रेघ एकत्र पाहिली की पाण्याखाली जाळ्यात अडकून श्वासाला वर येता आलं नाही, हेच दिसतं. फुफ्फुस आणि यकृताचे तुकडे कुजू नयेत म्हणून फॉर्मलिनमध्ये घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय रोग नव्हता असं मी लिहिणार नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या अंड्यांना आपण जीव लावून कुंपण घालतो. मग अंडी घालणारी मरून आली तर तिला उघडून का नको पाहायला? आणि जिवंत आलं तर कृपा करून परत पाण्यात ढकलू नका. ते दमून किंवा फुफ्फुसात पाणी भरून आलेलं असतं, पुन्हा बुडेल. सावली द्या, अंगावर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याला कळवा.

कारणाच्या रकान्यात 'बहुधा जाळ्यात बुडून' लिहिलं. काका वाचत होते. आयुष्य जाळ्यावर काढलेला माणूस. बराच वेळ गप्प राहिले. मग पेटी उचलता उचलता म्हणाले, पुढच्या वेळी बर्फ जास्त आणतो.