मार्कंडेयकाठचा उकिरडा: दुसऱ्या थराची काच

मार्कंडेय नदीकाठच्या उकिरड्याच्या ढासळलेल्या दरडीतून निघालेल्या काचेवरून थर किती जुने ते बघतो आहोत. दुसरा थर धुऊन झाला. पहिल्यात प्लास्टिकची बुचं निघाली, म्हणून तो बाजूला ठेवला.

मोजणी बुडांची केली आहे, तुकड्यांची नाही. एक बाटली फुटली तरी वीस तुकडे होतात, बूड एकच राहतं. सोड्याची बुडं 9, औषधाची 4, शाईच्या दौती 2.

सोड्याच्या बाटल्या जास्त म्हणून थर कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, गोऱ्या पलटणींच्या काळातला धरायचा मोह होतो. तो आवरा. गोळीच्या सोडाबाटलीचं कॉड या इंग्रजाचं पेटंट 1870 च्या दशकातलं खरं, पण आपल्याकडे ही बाटली परत जाते, धुऊन पुन्हा भरली जाते आणि गोळीसोडा आजही मिळतो. या 9 पैकी बहुतेकांच्या खांद्यावर घासून पांढुरका झालेला पट्टा आहे, म्हणजे पेटीत वर्षानुवर्षं फिरलेल्या. थर किती जुना ते त्यांच्यावरून ठरत नाही.

भरवसा ठेवायचा तो परत न जाणाऱ्या काचेवर: दौत, औषध, सॉस. त्यातही औषधाची बाटली रॉकेलची चिमणी म्हणून जळत राहिलेली असू शकते, मानेला काजळी आहे का ते बघा. आपल्या घरांत बाटली फेकतं कोण!

साच्याचे भाग जुळतात तिथली जोडरेषा तोंडाच्या कडेवरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. मानेतच विरली आणि तोंडाभोवती आडवे वळसे दिसले तर तोंड हाताने घडवलेलं. कधीकधी यंत्राच्या बाटलीचीही कड आचेवर वितळवून गुळगुळीत केलेली असते आणि रेषा पुसली जाते, म्हणून बूडही तपासा. ओवेन्स या बाटल्या घडवणाऱ्या यंत्राचा बुडावरचा व्रण गोल, पिसासारख्या कडेचा आणि बहुधा मध्यापासून सरकलेला असतो.

एका औषधाच्या बुडावर ‘सी एस अँड को’: इंग्लंडातल्या सेंट हेलेन्सची काचकंपनी कॅनिंग्टन शॉ. दुसऱ्यावर ‘यू जी बी’, म्हणजे युनायटेड ग्लास बॉटल. कॅनिंग्टन शॉ ज्या युनायटेड ग्लास बॉटलमध्ये विलीन झाली, ती कंपनी 1913 ची. थराचं वय त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून धरायचं, म्हणून हा थर 1913 नंतरचा. कंदिलाच्या काचेवर ओगल्यांच्या, 1916 साली निघालेल्या काचकारखान्याचा ठसा मिळाला तर 1916 च्या पुढे सरकता येईल. अजून मिळालेला नाही.

ठसा वाचताना टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. तरी अक्षर लागलं नाही तर बटर पेपर ताणून 6 बी पेन्सिलीची बाजू हलकेच फिरवा. काचेवरची तांबडी माती रात्रभर साध्या पाण्यात सुटू द्या. तारेच्या ब्रशने जुन्या काचेवर चढलेला इंद्रधनुषी पापुद्रा सुटतो, आणि थंड काच गरम पाण्यात घातली की तडकते. बूच बसलेली औषधाची बाटली उघडू नका.

दरड पावसाने जेवढी ढासळली तेवढंच उचललं आहे, आत खणलेलं नाही. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते: विकायला परवाना लागतो, परदेशी पाठवता येत नाही. कॅम्पाची जमीन लष्कराची, तिथे हात लावायचा नाही.